स्व. दीपिका

नागभीड
१० जून २०२४

मा. दीपिका मॅडम,

धनेश पक्षीमित्र मंडळाच्या संकेतस्थळावरील 'नोंद पाठवा' या फॉर्ममधून आपण ६ जून रोजी पाठवलेली नोंद मिळाली. पक्षी: स्वर्गीय नर्तक, नर, पांढरा. ठिकाण: जिवतीच्या खालचा नाला. वेळ: सकाळी सात. निरीक्षक: दीपिका दसरू सिडाम. आपण मंडळाच्या कामात रस घेतल्याबद्दल आभारी आहोत.

खेदाने कळवावे लागते की ही नोंद स्वीकारता येत नाही. सोबत फोटो नाही. शिवाय मंडळाचे कार्यक्षेत्र नागभीड, सिंदेवाही आणि ब्रह्मपुरी एवढेच आहे आणि जिवती त्यात कुठल्याही नकाशाने बसत नाही. शेऱ्याच्या रकान्यात हवामान, झाडाची जात आणि घरटे असल्यास त्याची उंची लिहावी, असे फॉर्मवर ठळक अक्षरांत दिलेले आहे. आपण तिथे 'दादा, हे बाबांना वाचून दाखवशील का' असे लिहिले आहे. मंडळाच्या घटनेत अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि संकेतस्थळ व्यवस्थापक अशी चार पदे आहेत. दादा हे पद नाही.

फॉर्मवरचा मजकूर फक्त माझ्याकडे येतो, दुसरे कोणी तो पाहत नाही, हे आपल्या माहितीसाठी. उत्तर मेलने न देता टपालाने देतो आहे, कारण मंडळाचा मेल सचिव दिनेशभाऊही उघडतात आणि त्यांना प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय आहे. आपला पत्ता फॉर्मवर होताच.

कळावे,
प्रणित भैयाजी निकुरे
संकेतस्थळ व्यवस्थापक (मानद)


२ जुलै २०२४

दीपिका,

मॅडम वगैरे पुरे झालं. एका आठवड्यात चार फॉर्म पाठवलेस. पक्ष्याच्या रकान्यात 'काही नाही', ठिकाणाच्या रकान्यात 'काही नाही', आणि शेऱ्यात एकच पत्र चार तुकडे करून, कारण माझा फॉर्म अडीचशे अक्षरांनंतर मजकूर कापतो. ती मर्यादा मीच घातली होती. तू ती कशी चुकवलीस ते पाहून हसू आलं. तू हुशार आहेस हे या घरात सगळ्यांना माहीत होतं, मला जरा जास्तच वेळा ऐकवलं गेलं.

चारही तुकडे जोडून वाचले. तुझं म्हणणं एवढंच दिसतं की बाबांनी एकदा बोलवावं, तू त्याच दिवशी निघशील. सात वर्षांपूर्वी तू दसरूशी लग्न करते म्हणालीस तेव्हा ते दारापुढच्या छपरीत उभे राहून म्हणाले होते, "जा. पण मी बोलावल्याशिवाय या घरात पाय ठेवाचा नाई." दसरू वनरक्षक होता, मंडळाच्या प्रत्येक फेरीत पुढे चालायचा, बाबा त्याच्या डब्यातली भाकर खायचे. जंगलात तो चालायचा, गोंड म्हणून घरात चालला नाही, एवढंच. रागात माणूस काहीही बोलतो. दुसरी एखादी असती तर दोन महिन्यांनी दारात येऊन रडली असती आणि प्रकरण मिटलं असतं. तू ते वाक्य कोर्टाच्या हुकमासारखं धरून बसलीस. तिकडे उपकेंद्रात लोकांना सुया टोचतेस आणि बोलावण्याची वाट पाहतेस. बापावर गेलीस, दुसरं काय.

बोलावणं आलं तर कळवीन. ते येईल तर माझ्याचकडून येईल. बाबांकडे फोन नाही, डोळे काचबिंदूने गेले आहेत, आणि तुझा नंबर माझ्या फोनवर मी बंद केलेला आहे. का केला ते विचारू नको.

तू विचारलंस म्हणून सांगतो, तब्येत बरी आहे. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. दर रविवारी सकाळी चहा झाला की ते खुर्चीत बसतात आणि मी मंडळाची साईट वाचून दाखवतो. मंडळाचे तेवीस सभासद आहेत, त्यातले सात जण साईट उघडतात, आणि त्या सातांतला एक आंधळा आहे. त्याच्यासाठी मी अकरा वर्षं हे चालवतो आहे. फोटो छोटे करायचे, कोणी मैनेला कोकीळ म्हणून पाठवलं तर गोड बोलून परत करायचं, मुदत संपण्याआधी साईटचं नाव नव्याने नोंदवायचं, आणि वार्षिक सभेत एक नारळ घ्यायचा. यंदा नारळ द्यायचंही विसरले.

मंडळाला वीस वर्षं होत आहेत म्हणून बाबांच्या जुन्या वह्या साईटवर चढवायचं ठरलं आहे. ते काम अर्थात माझं. बाबांची वही तुला आठवत असेल. पक्ष्याचं पूर्ण नाव ते कधी लिहीत नाहीत. नवरंगाला न., हळद्याला ह., धनेशाला ध. त्यांचं म्हणणं की नाव लिहीपर्यंत पक्षी उडून जातो. मी म्हटलं, साईटवर पूर्ण नावं टाकू. तर म्हणाले, वही जशी आहे तशीच गेली पाहिजे, एक अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही.

आणि पहिली ओळ तुझी आहे. १८ मे २००३, घोडाझरीच्या वरचं बांबूचं बन, स्वर्गीय नर्तकाचं घरटं, निरीक्षक दीपिका भैयाजी निकुरे, वय वर्षे अकरा. मी ती ओळ वगळू का असं विचारलं होतं. बाबा म्हणाले की तिची ओळ वगळशील तर सगळं मंडळच बंद कर. त्या दिवशी मीही तिथेच होतो, सोळा वर्षांचा, तुमच्या दोघांच्या चपला आणि डबा धरून ओढ्याच्या अलीकडे. माझं नाव वहीत नाही. मी पक्षी पाहिला नव्हता ना.

टाकली आहे तुझी ओळ. खूश राहा.

प्रणित


९ सप्टेंबर २०२४

दीपिका,

संकेतस्थळाच्या देखभालीसाठी 'नोंद पाठवा' हा फॉर्म काही दिवस बंद ठेवला आहे. तू पाठवायचा प्रयत्न केला असशील तर तो पोचलेला नाही.

इकडे विशेष काही नाही. पोळ्याला मी रंजीताला घेऊन सासरी गेलो होतो. बाबांजवळ बसायला इसरूला बोलावलं होतं. घोडाझरीच्या जंगलात बाबांना वाट दाखवणारा इसरू, तोच. आता त्याच्याकडेही मोठा मोबाईल आहे, त्याने बाबांना साईट वाचून दाखवली. मोबाईलवर जुन्या नोंदींचं पान नीट दिसत नव्हतं, ते आल्या आल्या दुरुस्त केलं. आता चांगलं दिसतं.

बाबा ठीक आहेत. थोडे शांत असतात. वय झालं.

एक विचारायचं होतं. मार्च महिन्यात तू आजारी वगैरे पडली होतीस का? ताप वगैरे? काही खास कारण नाही, सहज विचारलं.

प्रणित


२१ ऑक्टोबर २०२४

दीपिका,

मनकर्णा आत्याने तुला फोन केला ते मला तिनेच सांगितलं. बिचारीने वडशाहून कोणाकोणाला विचारत दसरूचा नंबर मिळवला, त्याचं सांत्वन करायला. आणि फोन उचलला तू. आत्या म्हणते, तुझा आवाज ऐकून तिच्या हातातला फोन पिठाच्या परातीत पडला. तुला हसू आलं नसेल. मला आलं, खरं सांगतो.

तू विचारतेस की हे कोणी पसरवलं. पसरवलं कोणी नाही. झालं ते असं.

कॉम्प्युटरवर ते पान उघडलं तर चार रकाने दिसतात. तारीख, ठिकाण, पक्षी, निरीक्षक, मध्ये रेघा. मोबाईलवर रेघा गळतात आणि रकाने एकमेकांना चिकटतात, हे मला माहीत नव्हतं, कारण मी सगळं काम कॉम्प्युटरवर करतो. पक्ष्याच्या रकान्यात बाबांच्या वहीप्रमाणे स्व. होतं. स्वर्गीय नर्तकाचं स्व. पुढच्या रकान्यात तुझं नाव. इसरूच्या मोबाईलवर पहिली ओळ आली ती अशी: घोडाझरी, स्व. दीपिका भैयाजी निकुरे.

आपल्याकडे स्व. म्हणजे काय ते तुला सांगायला नको. चौकातल्या फ्लेक्सवर तेच, पाणपोईवर तेच, क्रिकेटच्या कपावर तेच. इसरू चौथी शिकलेला, पण फ्लेक्स वाचत वाचतच तो वाचायला शिकला. त्याने स्व. असं वाचलंच नाही. त्याने सरळ वाचलं, "स्वर्गीय दीपिका." आणि वाचल्यावर त्याला कळलं आपण काय वाचलं ते. त्याने मोबाईल खाली ठेवला. बाबांनी पुन्हा वाच म्हटलं. त्याने पुन्हा तेच वाचलं.

वही बाबांची, अक्षर बाबांचं, लिहायची तऱ्हा बाबांची. एक अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही हा हुकूमही त्यांचाच. मी फक्त टाईप केलं.

संध्याकाळी मी परत आलो तेव्हा घरात दिवा लावलेला नव्हता. इसरू अंगणात उकिडवा बसला होता, माझ्याकडे बघेना. आत गेलो. बाबा खुर्चीत. म्हणाले, "केव्हा गेली? तू मले काऊन सांगतलं नाई?" मला काही समजेना. इसरूने मागून येऊन पान दाखवलं तेव्हा समजलं.

मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. निदान मला तसं आठवतं. पण तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला, चाचपडत माझं कोपर धरलं आणि सोडलं नाही. त्यांनी मला याआधी कधी असं धरलं होतं ते मी आठवून पाहिलं. आठवलं नाही. लहानपणी मारायला धरलं असेल. मग मी म्हणालो, मार्चमध्ये. कशानं, असं विचारलं. तापानं म्हणालो. तुम्हाला ते दुःख झेपणार नाही म्हणून लपवलं होतं, असंही म्हणालो. ते तर फारच सहज सुचलं.

पान मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केलं. मोबाईलवर आता तिथे स्वर्गीय नर्तक असं पूर्ण येतं, मधली रेघही दिसते. बाबांना मात्र दुरुस्त केलं नाही.

पुढचंही सांगून टाकतो, आत्या सांगणारच आहे. बाबांनी हट्ट धरला की तुझं पाणी द्यायचं राहिलं. नवऱ्याने काय केलं असेल नसेल, आपल्या हाताने दिलं पाहिजे. सर्वपित्रीला मी त्यांना गाडीत घालून मार्कंड्याला नेलं. वैनगंगेत गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी तुझ्या नावाने तीळपाणी सोडलं. तांब्या मी धरला होता. बाबा हुंदका न देता रडतात हे मला त्या दिवशी कळलं, नुसतं नाकातून पाणी गळत राहतं. परत येताना त्यांनी गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

तू येते म्हणतेस. येऊ नको. तू नर्स आहेस, तुला मी काय सांगू. जिचं पाणी दिलं ती दारात येऊन बाबा म्हणाली तर त्या हृदयाचं काय होईल ते तूच ठरव. आत्यालाही मी हेच सांगितलं, तिने देवाची शपथ घेतली आहे की तोंड उघडणार नाही. इसरू आपल्या गावी गेला, तो अजून तुला मेलेलीच समजतो.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू एकच प्रश्न विचारला आहेस. 'या सात वर्षांत बाबांनी मला एकदा तरी बोलावलं होतं का? हो असेल तर मी कशाचीही पर्वा करणार नाही, डॉक्टरला सोबत घेऊन येईन. नसेल तर त्यांना सुखाने राहू दे, मी मेलेली बरी.' उत्तर देतो.

नाही. एकदाही नाही.

प्रणित


८ डिसेंबर २०२४

दीपिका,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. 'हळूहळू सांग, एकदम सांगू नको, आधी म्हण की बातमी चुकीची असेल, मग म्हण की चौकशी करतो,' असं तू लिहितेस. रुग्णाच्या नातेवाइकांना कसं सांगायचं याचं तुमच्याकडे शिक्षण देत असतील, छान लिहिलं आहेस.

मी सांगून पाहिलं. शपथेवर सांगतो. मागच्या रविवारी चहा झाल्यावर म्हणालो, बाबा, दीपिकाची ती बातमी कदाचित खरी नसेल, साईटवरची चूक असेल. ते शांतपणे म्हणाले, मला समजावू नको. एवढंच. त्यांचा विश्वास बसत नाही, त्याला मी काय करू.

आणि खरं सांगू का, तू मेल्यापासून या घरात बरं चाललं आहे. मी दुकानातून आलो की बाबा पावलांवरून ओळखतात आणि विचारतात, "जेवला का?" सदतीस वर्षांत हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून माझ्यासाठी ऐकले नव्हते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी जेवलेलो असून पुन्हा जेवलो. तुझी दुर्बीण, जिला मला हात लावायची परवानगी नव्हती, ती त्यांनी पेटीतून काढून माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, आता तूच आहेस. तू जिवंत होतीस तोवर मला बाप नव्हता, दीपिका. तुला हे वाचून वाईट वाटेल. वाटू दे. तू ज्या घरातून हट्टाने निघून गेलीस त्या घरात मी राहिलो, त्यांची लघवीची भांडी उचलली, डोळ्यांत तासातासाला औषध घातलं, आणि रोज जेवताना तुझ्या रिकाम्या पाटाकडे त्यांनी तोंड केलेलं पाहिलं. आंधळा माणूस कुठे तोंड करून बसतो ते बघणाऱ्याला दिसतं.

आणखी एक गंमत. बाबांनी तुझ्यावर एक लेख सांगितला आणि साईटवर टाक म्हणाले. मी लिहून घेतला. त्यात आहे, 'ती अकरा वर्साची होती. तिनं माझा हात धरून मले थांबोलं अन् वर पाहा म्हणलं. मी तीस वर्स जंगलात फिरलो पन वर पाहाले तिनं शिकोलं.' बाबा छापील मराठी बोलतात ना एरवी, हे मात्र असं सांगितलं. मी टाकतो म्हणालो. टाकायचा कसा? तेवीस सभासदांना माहीत आहे तू जिवंत आहेस. म्हणून मी तो फक्त बाबांसाठी टाकला आहे. दर रविवारी साईट उघडतो आणि कागदावरून वाचतो. खाली लोकांनी काय लिहिलं ते त्यांना ऐकायचं असतं, तेही मीच रचतो. मुंबईचे एक पक्षीतज्ज्ञ, सिरोंच्याच्या एक शिक्षिका, तुझी एक शाळेतली मैत्रीण. मागच्या रविवारी सोळा प्रतिक्रिया झाल्या. मैत्रिणीची बाबांना फार आवडली, ती दोनदा वाचायला लावली. साईट अकरा वर्षं चालवली, पण वाचकाला एवढं समाधान मी प्रथमच दिलं.

थंडी आहे. तिकडे डोंगरावर जास्तच असेल.

प्रणित


२२ जानेवारी २०२५, बुधवार

दीपिका,

बाबांचं आटोपत आलं आहे. छातीत पाणी झालं, मग ताप. काल डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. दोन दिवस म्हणाले, फार तर तीन. दवाखान्यात हलवू नका म्हणाले.

रविवारपासून ते विसरले आहेत की तू मेलीस. ताप चढला तशी ती गोष्ट डोक्यातून पुसली गेली. मार्कंडा नाही, तीळपाणी नाही, लेख नाही. मला तर ते कधी इसरू समजतात, कधी दसरू. दसरू समजतात तेव्हा शेजारी बसवून घेतात आणि जेवला का विचारतात. ते मलाच विचारायचे असं मला वाटायचं.

आज सकाळी जरा शुद्धीवर होते. रंजीता तोंडात चमच्याने पाणी घालत होती. माझ्याकडे नेमकं वळून म्हणाले, "प्रणित, दीपिकाले बोलाव. तिले सांग, मी बोलावून राह्यलो."

आता तुला खरं सांगायला हरकत नाही. हे त्यांचं सातवं बोलावणं.

पहिलं तू गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, पोळ्याच्या दिवशी, बैलांची पूजा चालू असताना मध्येच. दुसरं ते जिन्यावरून पडले तेव्हा. तिसरं डोळ्यांचं. डॉक्टरने सांगितलं की सहा महिन्यांत सगळं जाईल, तर घरी येताना बसमध्ये मला म्हणाले, "थोडं दिसते तवरच ये म्हणा तिले." ते एक मला झोपेतही ऐकू यायचं. मग दोन कोरोनाच्या काळातली, आणि सहावं गेल्या वर्षी होळीला. प्रत्येक वेळी मी म्हणालो, निरोप पाठवतो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, निरोप पाठवला. नंतर त्यांनी कधी विचारलं नाही की ती काय म्हणाली. ते विचारायची त्यांना भीती वाटायची. महिनाभर दाराचा आवाज झाला की मान वर करायचे, मग करेनासे व्हायचे.

मी का नाही सांगितलं? तू आली असतीस म्हणून. एवढंच कारण आहे, दुसरं शोधू नको. तू आली असतीस, छपरीत बसली असतीस, आणि मी पुन्हा चपला धरून उभा राहिलो असतो.

तू विचारलं होतंस की बाबा तुझ्या जिवंत असण्यावर विश्वास का ठेवत नाहीत. मी तेव्हा अर्धंच लिहिलं. ते असं म्हणाले होते, "मले समजाऊ नको. तू मार्च म्हणते, पन ती तं लय आधीच गेली असन. नाईतर एवढ्या बोलावण्यावर माझी पोरगी आली नसती का?" आणि हे बोलताना त्यांचा चेहरा मोकळा होता. सहा वर्षं ते मनात धरून होते की पोरीने आपल्याला टाकलं. इसरूने ते पान वाचलं आणि त्यांची सुटका झाली. तू येत नव्हतीस ती रागाने नाही, मेली होतीस म्हणून. त्यांना ते बरं वाटलं, दीपिका. तुझं मरण त्यांना औषधासारखं लागू पडलं.

तुला पुन्हा जिवंत करायचं तर मला एकच वाक्य म्हणावं लागलं असतं, की बाबा, निरोप मी दिलाच नव्हता. ते वाक्य म्हटलं असतं तर कोपरावरचा हात गेला असता. मी नाही म्हटलं. आजही म्हणणार नाही, आता म्हणून त्यांना कळणारही नाही.

पण आजचं बोलावणं मी पोचवतो आहे. सातवं. शब्द तेच लिहिले आहेत, एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाही.

फोन करता आला असता. तुझा नंबर बंद केलेला आहे, तो उघडायला दोन बोटं लागतात. तू सकाळी निघाली असतीस तर दुपारी इथे पोचली असतीस. रंजीता दोन वेळा म्हणाली, मग तिसऱ्यांदा म्हणाली नाही, तिला माझा चेहरा कळतो. माझं मागचं पत्र तुला नवव्या दिवशी मिळालं होतं, असं तूच लिहिलं होतंस. हे साध्या टपालाने टाकतो आहे.

तुला हे मिळेल तेव्हा तू तारीख पाहशील, मग डॉक्टरने काय सांगितलं ते वाचशील, मग पुन्हा तारीख पाहशील. मला ते इथे बसून दिसतं आहे. तुझ्याकडे आता बोलावणं आहे. सात वर्षं तू जे मागत होतीस ते लेखी आहे, तारखेसह आहे.

चारला टपालाची पेटी उघडतात, निघायला हवं. बाबा मघापासून विचारत आहेत की निरोप पाठवला का. घरी येऊन त्यांना सांगेन, पाठवला. या वेळी ते खरं असेल.

प्रणित